कंपायलरनं सुचवलं, मी शब्द दिला

नांदेडला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करताना जीसीसी कंपायलरनं मला एक वॉर्निंग दिली. चूक कुठलीच नव्हती. तुझ्या या फंक्शनला 'मॅलॉक' हे ॲट्रिब्यूट लावता येईल, एवढंच तो सुचवत होता. फुकटात वेग मिळतोय म्हणून मी लावून टाकलं.

ॲट्रिब्यूट म्हणजे कंपायलरला दिलेला शब्द. मी लातूरचा. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा कुठला ड्रम कुणाचा यावरून भांडणं व्हायची. 'मॅलॉक'चा शब्द असा: हा ड्रम कोरा, यात दुसऱ्या कुणाची नळी नाही. फंक्शननं दिलेल्या जागेचा पत्ता तेव्हा वापरात असलेल्या दुसऱ्या कुठल्याच पॉइंटरकडे नाही, आणि त्या जागेत जुन्या वस्तूंचे पत्तेही नाहीत. म्हणूनच 'रिॲलॉक'ला हे लावत नाहीत. तो जुना ऐवज नव्या जागेत आणतो.

रिचर्ड स्टॉलमननं जीसीसी 1987 मध्ये आणला. 2001 च्या 3.0 मध्ये हे ॲट्रिब्यूट होतं, पण तेव्हा सांगायचं माणसानं आणि ऐकायचं कंपायलरनं. 2011 च्या 4.6 पासून कंपायलर स्वतः आणखी काही ॲट्रिब्यूट सुचवू लागला. 'मॅलॉक'ची पाळी आली 2018 मध्ये, जीसीसी 8 ला. मेमरी नेमकी कोण वापरतंय हे कोड वाचून ओळखणं अवघडच. 2007 मध्ये आयआयटी मुंबईच्या उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी हीप मेमरीच्या विश्लेषणावर अख्खा शोधनिबंध लिहिला, तो उगाच नाही.

माझ्या बाबतीत कंपायलर बरोबरच होता. फंक्शन मीच नंतर बदललं. तोच रोल नंबर पुन्हा आला तर नवी जागा न घेता जुनाच रेकॉर्ड परत द्यायचा, असं केलं. ॲट्रिब्यूट तसंच राहिलं. आता दोन पॉइंटर एकाच रेकॉर्डवर होते. एकातून मार्क 20 केले तरी दुसरा 10 च दाखवायचा, कारण त्यांचा संबंध नाही हे मीच लिहून दिलं होतं. तेही फक्त ऑप्टिमायझेशन चालू असताना! डीबगला बसलं की सगळं ठणठणीत. तीन रात्री गेल्या.

जी वॉर्निंग ॲट्रिब्यूट लाव म्हणाली, ती आता काढ असं कधीच म्हणाली नाही. 2021 च्या जीसीसी 11 मध्ये जागा कुठल्या फंक्शननं मोकळी करायची हेही याच ॲट्रिब्यूटमध्ये सांगता येऊ लागलं, म्हणजे शब्द आणखी लांबला.

चौथ्या दिवशी तो एक शब्द खोडला. मार्क 20 दिसले.