अभियांत्रिकी शिक्षण : गरजूंसाठी शिष्यवृत्ती आणि मार्गदर्शक

बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले, की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एकच हिशेब मांडला जातो : चार वर्षांची फी कोठून आणावयाची? हा हिशेब प्रवेश घेतल्यावर नव्हे, तर पसंतीक्रम भरण्यापूर्वी करावा, असे आमचे पालकांना आग्रहाचे सांगणे आहे. कारण सरकारी सवलत मिळणार की नाही, हे बरेचसे प्रवेशाच्या मार्गावर अवलंबून असते. सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे मुलांच्या भाषेत 'कॅप'मधून, मिळालेली जागा आणि व्यवस्थापन कोट्यातील जागा या दोन्हींसाठी वर्ग एकच असतो. पण राज्याच्या शुल्क सवलती दुसऱ्या मार्गाने आलेल्यास मिळत नाहीत. घाईत घेतलेली अशी जागा पुढे कर्जाचे कारण ठरते.

सर्वांत निश्चिंत सवलत म्हणजे शिक्षणशुल्क माफीची जागा. महाविद्यालयाच्या मंजूर जागांव्यतिरिक्त ५ टक्के अधिसंख्य जागा यासाठी असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत हवे. पसंतीक्रमात या जागेचा संकेतांक स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. तो न नोंदविल्यास उत्तम गुण असूनही ही जागा मिळत नाही. येथे केवळ शिक्षणशुल्क माफ होते, इतर शुल्के भरावीच लागतात. शिवाय या थोड्या जागांसाठी स्पर्धाही मोठी असते.

ज्यांना ती मिळत नाही, त्यांच्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यास निम्म्या शिक्षणशुल्काची प्रतिपूर्ती होते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना, याच उत्पन्नमर्यादेत, शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क यांत संपूर्ण सवलत मिळू लागली. खासगी व अभिमत विद्यापीठे मात्र या निर्णयातून वगळलेली आहेत. मुलगी नेमक्या कोणत्या प्रवर्गातून पात्र ठरते आणि त्यासाठी तहसीलदारांचे कोणते प्रमाणपत्र लागते, याची विचारणा महाविद्यालयाच्या कार्यालयात आधीच करावी. मुलींसाठीच अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे : वर्षाला ५० हजार रुपये, एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेणाऱ्या मुलीही तिच्यासाठी पात्र असतात. आई-वडील दोघेही गमावलेल्या विद्यार्थ्यांसाठी याच परिषदेची 'स्वनाथ' योजना आहे. तथापि बहुतेक सरकारी योजनांत एका वेळी एकच लाभ घेता येतो.

अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्र शासनाच्या 'मेरिट-कम-मीन्स' योजनेची चौकशी अद्यापही होते. ती २००७-०८ मध्ये सुरू झाली. तिची मंजुरी २०२१-२२ पर्यंतच होती आणि पुढे ती चालू राहिली नाही. तिच्या भरवशावर कोणीही राहू नये. राज्य शासनाची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची उच्च व्यावसायिक शिक्षण शिष्यवृत्ती वेगळी असून तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावयाचा असतो.

आयआयटीमध्ये प्रवेश मिळूनही फीच्या आकड्याने घाबरणारे पालक असतात. तेथे १ लाखापेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्यांस संपूर्ण, तर १ ते ५ लाख उत्पन्न असलेल्यांस दोनतृतीयांश शिक्षणशुल्क माफ होते.

अर्ज नाकारले जातात ते बहुधा क्षुल्लक कारणांनी. उत्पन्नाचा दाखला जुना असतो, बँक खाते आधारशी जोडलेले नसते, दाखल्यावरील नाव आणि गुणपत्रिकेवरील नाव जुळत नाही. हा शेवटचा दोष आपल्या समाजात विशेष आढळतो. बाप्तिस्म्याचे नाव, घरचे नाव आणि आडनावाची दोन-तीन वेगवेगळी स्पेलिंगे यांचा मेळ दहावीपूर्वीच घालून घ्यावा. शिवाय अर्ज एकदा करून भागत नाही. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि पहिल्या वर्षी पैसे मिळाले म्हणून निर्धास्त राहिलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी नेमका येथेच चुकतो.

येथवर पैशांचे झाले. परंतु फीची सोय होऊनही शिक्षण सोडणारी मुले आहेत, आणि त्याचे मूळ बहुधा पहिल्या वर्षात असते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीतील व्याख्यानांनी बावरतो; अभियांत्रिकी गणित, यंत्रशास्त्र किंवा ड्रॉइंग यांत एटीकेटी लागते; आणि घरी सांगण्याचे धैर्य होत नाही. ज्या घरात यापूर्वी कोणी पदवीधर झालेले नाही, तेथे तो विचारणार तरी कोणाला? परिषदेने २०१७ मध्ये नवागतांसाठी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आखून दिला. साधारण वीस विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक मार्गदर्शक, अशी त्यात अपेक्षा आहे. कल्पना उत्तम आहे. अनेक ठिकाणी मात्र ती उपस्थितीच्या सह्यांपुरती उरते, असे आमचे मत आहे.

म्हणूनच पैसा आणि माणूस दोन्ही देणाऱ्या संस्थांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. ठाण्याचे विद्यादान सहायक मंडळ २००८ पासून ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य करते आणि विद्यार्थ्यामागे एक कार्यकर्ता पालकाच्या नात्याने उभा करते. मुंबईतील 'कॅटॅलिस्ट' अल्प उत्पन्न गटातील अभियांत्रिकीच्या मुलींना आर्थिक साहाय्य, लॅपटॉप, प्रशिक्षण आणि उद्योगक्षेत्रातील मार्गदर्शक देते. १९९४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या 'फाउंडेशन फॉर एक्सलन्स'चा भारतातील न्यास बंगळुरू येथे असून तोही शिष्यवृत्तीला मार्गदर्शनाची जोड देतो. अर्ज करण्यापूर्वी त्या त्या वर्षीच्या अटी संस्थेकडूनच जाणून घ्याव्यात.

मार्गदर्शक म्हणजे शिकवणी घेणारा नव्हे. तो महिन्यातून एकदा तासभर भेटतो, सत्राचा निकाल स्वतः पाहतो, नूतनीकरणाची मुदत लक्षात आणून देतो, तिसऱ्या वर्षी प्रशिक्षणासाठी कोठे अर्ज करावा ते सुचवितो. आमच्या मते एका विद्यार्थ्याला असे दोघे असावेत : एक त्याच शाखेत दोन वर्षे पुढे असलेला, दुसरा नोकरी करणारा वा निवृत्त अभियंता. फीचे पैसे मात्र मार्गदर्शकाच्या हातून दिले जाऊ नयेत. देणगीदाराचे उपकार मानणारा मुलगा त्याच देणगीदारासमोर आपण दोन विषयांत नापास झालो, हे सहसा कबूल करीत नाही.