हत्याराचा पाठ : हात-ब्रेसच्या इतिहासाविषयी काही विचार

हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्याला एक भेद आरंभीच शिकावा लागतो. ग्रंथाच्या रचनेचा शक वेगळा आणि समोरच्या पोथीच्या लेखनाचा शक वेगळा. पोथीच्या शेवटी आलेला शक मूळ कवीचा की नकल करणाऱ्या लेखकाचा, हे ठरवल्याशिवाय पुढे एक पाऊलही टाकता येत नाही. हा भेद जसाच्या तसा लागू पडतो असे एक क्षेत्र साहित्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिले आहे. ते म्हणजे जुन्या हत्यारांचा संग्रह आणि त्यांची ओळख पटवण्याचे शास्त्र. प्रस्तुत लेखात आम्ही त्यातील एकाच हत्याराचा, भोके पाडण्याच्या हात-ब्रेसचा, विचार करणार आहोत. वस्तू वाचायची म्हणजे काय करायचे, हा प्रश्न या साध्या हत्याराच्या निमित्ताने फार स्पष्टपणे मांडता येतो असे आम्हांला वाटते.

आपल्याकडच्या सुताराच्या पेटीत वाकस, रंधा, पटाशी आणि किकरे यांच्या जोडीला सामता असे. दांड्याला दोरीचा वेढा, ती दोरी ताणून धरणारी धनुकली, आणि धनुकली पुढेमागे ओढली की गरगरणारे टोक, अशी त्याची रचना. हे यंत्र अतिशय प्राचीन आहे. बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे नऊ प्रौढांच्या अकरा दाढांना हेतुपुरस्सर पाडलेली भोके सापडली. ती साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची असल्याचे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातील इजिप्तच्या रेखमिरे या वजिराच्या थडग्यातील चित्रांत सुतार याच धनुकलीने काम करताना दिसतात. या रचनेत एक मूलभूत उणीव आहे. टोक एकदा उजवीकडे फिरते, एकदा डावीकडे. दिशा दर ओढीला उलटत असल्याने एका बाजूनेच कापणारे पाते लावले, तर निम्मी मेहनत वाया जाते. एकाच दिशेने अखंड फिरणारी गती हवी असेल, तर हाताला वर्तुळात फिरवणारा दांडा, म्हणजे क्रँक, लागतो.

युरोपातील सुताराच्या हाती हा दांडा पंधराव्या शतकाच्या आरंभी दिसू लागतो, आणि त्याचा एक महत्त्वाचा साक्षीदार आहे एक धार्मिक चित्र. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९५६ साली घेतलेले ‘मेरोद’ नावाचे त्रिदल चित्र रॉबर्ट कॅम्पिन याच्या चित्रशाळेत सुमारे १४२७ ते १४३२ या काळात तयार झाले. मधल्या फलकावर देवदूत मेरीकडे आला आहे, आणि उजव्या फलकावर वृद्ध जोसेफ आपल्या कार्यशाळेत ब्रेसने एका फळीला भोके पाडत बसला आहे. समोर बाकावर हातोडी, सांडशी, खिळे आणि उंदीर पकडण्याचा सापळा. मायर शापिरो यांनी १९४५ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात हा सापळा संत ऑगस्टीनच्या एका रूपकाशी जोडला : ख्रिस्ताचा क्रूस म्हणजे सैतानासाठी लावलेला सापळा. भोकांच्या फळीवर मात्र एकमत झाले नाही. एर्विन पानोफ्स्की यांना ती पाय शेकण्याच्या पेटीचे झाकण वाटली, तर शापिरो यांनी पुढे ती मासेमारीच्या आमिषाच्या डबीशी जोडली.

कलेतिहासाच्या या वादात फळीचा अर्थ काढला गेला, सापळ्याचा काढला गेला, पण जोसेफच्या हातातील वस्तूला अर्थ लावण्याची गरज कोणाला भासली नाही. ती दखल घेतली तंत्रेतिहासकार लिन व्हाइट यांनी. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या मध्ययुगीन तंत्रविद्येवरील आपल्या ग्रंथात त्यांनी या काळातील सुताराच्या ब्रेसकडे संयुक्त क्रँकचा आरंभीचा पुरावा म्हणून पाहिले. यंत्रयुगाला लागणारी अखंड वर्तुळगती चित्रकाराने एका म्हाताऱ्या सुताराच्या हातात सहज, जणू नोंदीसाठी, ठेवून दिली होती. एकाच चित्राचे दोन अभ्यासक दोन वेगळे पाठ वाचतात आणि दोन्ही पाठ खरे असतात, याचे इतके सुंदर उदाहरण विरळा.

इंग्लंडमध्ये जोसेफ मॉक्सन याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरांच्या हत्यारांचे वर्णन ग्रथित केले. हा गृहस्थ मुद्रणव्यवसायातला होता आणि त्याने छपाईच्या कलेवरही तितक्याच बारकाईने लिहिले, ही गोष्ट साहित्याच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुन्या लाकडी ब्रेसमध्ये पोलादी टोक, म्हणजे बिट, एका लाकडी ठोकळ्यात कायमचे बसवलेले असे. टोक बदलायचे तर ठोकळाच बदलायचा. शिवाय ब्रेसच्या वळणांवर लाकडाचे तंतू आडवे येत आणि तेथेच ती मोडे. शेफील्डच्या कारखानदारांनी या दुबळ्या जागांवर पितळी पट्ट्या जडवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विल्यम मार्पल्स याने हा विचार टोकाला नेला. पितळेची सांगाडेवजा चौकट आणि तिच्या पोकळीत भरलेले शिसवी, एबनी किंवा बॉक्सवूड. ‘अल्टिमेटम’ हे तिचे नाव. आज संग्राहकांच्या जगात सर्वाधिक मान ज्या ब्रेसना आहे, त्यांत हिचे स्थान फार वरचे.

या देखण्या हत्यारात एक अडचण तशीच राहिली. शेफील्डच्या ब्रेसमध्ये बिट धरण्यासाठी स्प्रिंगचा खटका असे, आणि तो अडकावा म्हणून बिटच्या चौकोनी शेपटीला कानशीने खाच पाडावी लागे. ही खाच त्या एका ब्रेसच्या मापाची. एका सुताराचे बिट दुसऱ्याच्या ब्रेसमध्ये बसेलच याची शाश्वती नव्हती. हा प्रश्न सोडवला अमेरिकेतील विल्यम बार्बर याने. २४ मे १८६४ रोजी त्याला पेटंट मिळालेल्या चकमध्ये दोन जबडे आणि त्यांवर फिरणारे आट्यांचे कवच होते. कवच आवळले की जबडे मिटत आणि कोणतीही निमुळती चौकोनी शेपटी पकडत. मॅसॅच्युसेट्समधील मिलर्स फॉल्स कंपनीने हा चक घरोघरी पोहोचवला. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार पेटंटची मुदत सतरा वर्षांची होती. १८८१ साली ती संपली आणि ही रचना सर्वांना मोकळी झाली. साध्या पोलादी दांड्याची, स्वस्त, जवळजवळ अनाम अशी ही ब्रेस जगभर पसरली आणि एबनी-पितळेची राणी कपाटात जाऊन बसली.

आता ओळख पटवण्याच्या शास्त्राकडे वळू. ब्रेसवर ‘पेटंट १८६४’ असे कोरलेले असेल, तर नवखा संग्राहक ती १८६४ ची मानतो. तो रचनेचा शक असतो, लेखनाचा नव्हे. पेटंटची तारीख एवढेच सांगते की ही वस्तू त्याआधीची असू शकत नाही. इंग्लंडमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदणीकृत आकृतिबंधांवर चौकटीच्या आकाराचे चिन्ह उमटवत. त्यात वर्ग, वर्ष, महिना आणि दिवस यांची सांकेतिक अक्षरे असत. वर्षाची अक्षरे वर्णक्रमाने येत नाहीत आणि १८६८ पासून त्यांची जागाही बदलली. त्यामुळे किल्ली हाती नसेल तर हे चिन्ह मोडीतल्या दुर्बोध शिक्क्यासारखे वाटते. पण येथेही कळतो तो आकृतिबंधाच्या नोंदणीचा दिवस. ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असा देशाचा उल्लेख आढळला, तर १८९० च्या अमेरिकी आयातकायद्याची आठवण ठेवावी, कारण त्यानंतर अमेरिकेत जाणाऱ्या मालावर असा उल्लेख सक्तीचा झाला. स्टॅनली कंपनीच्या हत्यारांवर हृदयाच्या आकारातील चिन्ह असेल, तर काळ साधारण १९२० ते १९३५ च्या दरम्यानचा. बिटच्या शेपटीवरचा आकडा मात्र कालाचा नसून मापाचा असतो. तो इंचाचे सोळावे भाग सांगतो, म्हणजे ८ हा आकडा अर्ध्या इंचाचा.

पाठचिकित्सेतील प्रक्षेपाचा प्रश्नही येथे आहेच. एका ब्रेसचा मुठीचा भाग दुसऱ्या ब्रेसला, एका कारखान्याचा चक दुसऱ्याच्या दांड्याला, असे सांधे कारागिरांनी गरजेपोटी केले आणि विक्रेत्यांनी नफ्यापोटी. पहिला सांधा हा त्या वस्तूच्या आयुष्याचा भाग आहे, दुसरा ही बनावट आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. निर्णय करायचा तो झिजेवरून, गंजावरून, आट्यांच्या मळावरून. आणि नेमका हाच पुरावा संग्राहक घासून पुसून टाकतो. तारेच्या ब्रशने लखलखीत केलेली ब्रेस विकाऊ होते आणि मुकी होते. जुन्या कवीची भाषा ‘शुद्ध’ करून छापणाऱ्या संपादकांनी आपल्या वाङ्मयाचे जे केले, त्याहून हे वेगळे नाही.

आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रश्न याच्या पुढचा आहे. संग्राहकाचे मूल्य आणि इतिहासाचे मूल्य यांची दिशा एक नाही. संग्राहक दुर्मीळ, देखणी, न झिजलेली वस्तू शोधतो. न झिजलेली याचा अर्थ कमी वापरलेली. म्हणजे जिने कमी काम केले तिला अधिक किंमत! ज्या ब्रेसने घरे उभी केली ती इतकी झिजते की भंगारात जाते. वाङ्मयेतिहासात अभिजाताची निवडही पुष्कळदा अशीच होत आली आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. या प्रवाहाविरुद्ध उभा राहिलेला एक माणूस म्हणजे पेनसिल्व्हेनियाचा हेन्री मर्सर. कालबाह्य झालेली सामान्य हत्यारे हाच इतिहासाचा खरा दस्तऐवज, या जाणिवेने त्याने १८९७ पासून ती गोळा केली, १९१६ मध्ये त्यांच्यासाठी काँक्रीटची बहुमजली इमारत पुरी केली आणि १९२९ साली जुन्या सुतारी हत्यारांवर ग्रंथ लिहिला. त्याने जमवलेल्या बहुतेक वस्तूंना तेव्हा बाजारात किंमत नव्हती.

१९१७ साली ब्लॅक अँड डेकरला पिस्तुलासारख्या मुठीच्या विजेच्या ड्रिलचे पेटंट मिळाले आणि हात-ब्रेसचा उतार सुरू झाला. आपल्याकडे सामता, गिरमिट आणि ब्रेस यांना बाजूला सारून तेच यंत्र आले. हत्यारे गेली की त्यांच्याभोवतीची क्रियापदे, मापे आणि वाक्प्रचारही जातात, आणि शब्दकोशात उरतो तो केवळ ‘भोके पाडण्याचे सुताराचे हत्यार’ एवढा अर्थ. तो सामत्यालाही चालतो, गिरमिटालाही चालतो, म्हणजे दोहोंतला भेद बुजवतो. मराठीच्या विद्यार्थ्यांनी कामकरी जातींच्या शब्दसंपत्तीचा अभ्यास करताना शब्दाबरोबर वस्तूही मिळवावी, तिचे माप घ्यावे, ती कोणत्या दिशेने झिजली आहे ते पाहावे, आणि ती वापरलेला माणूस हयात असेल तर आधी त्याच्याशी बोलावे. वस्तू घासण्याची घाई मात्र कोणी करू नये.