आपल्या सोसायटीतले चार्जिंग : इतिहासाचे एक पान

रौप्यमहोत्सवी अंकासाठी संपादक मंडळाने मला सोसायटीच्या इतिहासातले एखादे पान लिहायला सांगितले. पाण्याची टाकी, लिफ्ट, गणेशोत्सव यांवर इतर मंडळी लिहीत आहेतच. मी विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगचा विषय घेतला, कारण त्यात माझी एक चूक आहे.

विजेची गाडी नवी नाही. 1900 च्या सुमारास अमेरिकेतल्या शहरांत त्या सर्रास दिसत. हेन्री फोर्ड पेट्रोलच्या गाड्या बनवीत, पण त्यांच्या पत्नी क्लारा 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवीत! बॅटरीला डीसी लागतो, म्हणून घराच्या गॅरेजात एसीचा डीसी करणारा पाऱ्याचा रेक्टिफायर बसवत. आजही तत्त्व तेच. घरी हे काम मोटारीतलाच चार्जर सावकाश करतो. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरमध्ये बाहेरचे मोठे यंत्र करते, म्हणून बॅटरी लवकर भरते. 1912 च्या कॅडिलॅकला सेल्फ-स्टार्टर आला, हँडल मारायचा त्रास गेला, आणि विजेच्या गाड्या हळूहळू मागे पडल्या.

आपल्याकडे 2001 मध्ये बंगळूरची 'रेवा' आली. ती घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होई. त्याच सुमारास आपण इथे राहायला आलो. पार्किंगमध्ये दिवे होते, सॉकेट मात्र एकही नव्हता. तेव्हा कुणाला सुचणार?

2019 मध्ये बी विंगमधल्या एका तरुण सभासदाने विजेची स्कूटर घेतली आणि पार्किंगमध्ये पॉइंट मागितला. मी खजिनदार होतो. बँकेतली सवय, नियम दिसला नाही की मंजुरी नाही. 'कॉमन मीटरची वीज एकट्याला कशी देणार?' असा शेरा मारून अर्ज परत केला. खरे तर घरी खासगी चार्जिंगला परवानगी असल्याचे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर 2018 मध्येच मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. मी त्या वाचल्याच नव्हत्या.

त्याने मग तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडली. ऐन पावसाळ्यात एका रात्री जोड वितळला, जळका वास सुटला. वॉचमनने धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून निभावले. खाली उतरून ती काळी पडलेली वायर बघताना माझ्या पोटात गोळा आला. तिथून चार पावलांवर मुलांच्या सायकली होत्या.

पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मीच मांडला. सभासदाच्या स्वतःच्या मीटरवरून त्याच्या पार्किंगपर्यंत स्वतंत्र केबल, खर्च त्याचा, एमसीबी, गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर आणि अर्थिंग सक्तीचे, एक्स्टेंशन बंद, आधी मंजूर भाराची तपासणी. पाहुण्यांसाठी एक पॉइंट, त्याला सबमीटर.

आता पुढचा हिशेब. 15 अँपिअरवर साधारण 3 किलोवॉट मिळतात. 30 युनिटची मोटार भरायला दहा-अकरा तास लागतात. दहा मोटारी एकदम लागल्या तर 30 किलोवॉट! म्हणून रात्रीच्या पाळ्या आणि वाढीव भार यांचा निर्णय येत्या सभेतच घ्यावा, ही विनंती.

तो तरुण पुढे फ्लॅट विकून गेला. त्याची माफी मागायची राहून गेली. हा अंक त्याला पोस्टाने पाठवणार आहे.