सुवर्ण निष्कर्षणातील सायनाइड विधी
धातुकातील (कच्च्या रूपातील धातूतील) सोने सायनाइडाच्या सौम्य विद्रावात विरघळवून वेगळे करण्याची रीत. एक टन धातुकात कित्येकदा अवघे काही ग्रॅम सोने असते. त्यामुळे त्यातील किती सोने प्रत्यक्ष हाती येते, यावर खाणीचे भवितव्य अवलंबून असते.

हा विधी प्रचारात येण्यापूर्वी खडक भरडून त्याचे चूर्ण पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहू देत. सोन्याचे मोकळे कण पाऱ्यात मिसळून पारदमेल तयार होई व तो तापविल्यावर सोने मागे राही. मात्र अतिसूक्ष्म कण आणि पायराइटासारख्या सल्फाइड खनिजांत अडकलेले कण गाळाबरोबर वाया जात.

सायनाइडाच्या विद्रावात सोने विरघळते, हे कार्ल व्हिल्हेल्म शेले यांनी १७८३ मध्ये दाखविले होते. विद्युत् विलेपनासाठी १८४० पासून या गुणधर्माचा उपयोग होऊ लागला, तर या विक्रियेला ऑक्सिजन आवश्यक असल्याचे एल्सनर यांनी १८४६ मध्ये दाखविले. तथापि खाणींना त्याचा लाभ होण्यास आणखी चाळीस वर्षे लागली. ग्लासगो येथील रसायनशास्त्रज्ञ जॉन स्टूअर्ट मॅकार्थर आणि रॉबर्ट व विल्यम फॉरेस्ट हे वैद्यक व्यवसायातील बंधू यांनी १८८७ मध्ये या विधीचे एकस्व (पेटंट) घेतले. विद्राव अतिशय सौम्य ठेवल्यास तो इतर धातूंपेक्षा सोने व चांदी यांवर अधिक क्रिया करतो, हे त्यांच्या शोधाचे मर्म होते. विरघळलेले सोने जस्ताच्या किसावर अवक्षेपित करण्याचे (साक्याच्या रूपात वेगळे करण्याचे) एकस्व त्यांनी १८८८ मध्ये घेतले.

दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्झरँड येथे १८८६ मध्ये सोने सापडले होते. तेथील पृष्ठभागालगतच्या झिजलेल्या खडकातील सोने पाऱ्याने सहज मिळे. पण खाणी खोल जाताच पायराइटयुक्त खडक लागला आणि प्राप्ती घसरली. खाणींच्या भागांच्या किंमती कोसळल्या व अनेकांनी जोहॅनिसबर्ग सोडले. १८९० मध्ये तेथे या विधीचे यशस्वी प्रात्यक्षिक झाले. त्यानंतर खोल खाणींतील धातुक, तसेच टाकून दिलेला गाळही किफायतशीर ठरला. मूळ रासायनिक ज्ञान पूर्वीपासून उपलब्ध होते, या कारणाने ट्रान्सव्हालच्या न्यायालयाने १८९६ मध्ये ही एकस्वे रद्द केली. स्वामित्वशुल्काचे ओझे दूर झाल्याने विधीचा प्रसार वाढला.

या विधीत धातुक बारीक दळून त्याच्या राळ्यात चुना मिसळतात. चुन्यामुळे मिश्रण क्षारीय (अल्कलाइन) राहते व हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटत नाही. नंतर सायनाइड घालून त्यात हवा सोडतात. पुढील सुधारणा उरलेली गळती थांबविण्यासाठी झाल्या. जस्ताच्या किसाऐवजी मेरिल यांनी जस्ताची पूड वापरली, तर क्रो यांनी अवक्षेपणापूर्वी विद्रावातील हवा निर्वाताने काढून टाकली. १९७३ मध्ये अमेरिकेतील होमस्टेक खाणीत मोठ्या प्रमाणावर सक्रियित कार्बनाचा वापर सुरू झाला. नारळाच्या करवंटीपासून केलेला असा कार्बन राळ्यातूनच सोने अधिशोषून (पृष्ठभागावर धरून) घेतो. त्यामुळे गाळणीचा मोठा खर्च वाचतो. सल्फाइडांत कोंडलेले सोने मोकळे करण्यासाठी धातुक आधी भाजतात, उच्च दाबाखाली त्याचे ऑक्सिडीभवन करतात किंवा जंतूंचे साहाय्य घेतात. जंतूंच्या साहाय्याने चालणारे पहिले संयंत्र दक्षिण आफ्रिकेतील फेअरव्ह्यू खाणीत १९८६ मध्ये सुरू झाले. अनुकूल धातुकातून आता नव्वद टक्क्यांहून अधिक सोने मिळते.

भारतात कर्नाटकातील कोलार येथे हा विधी दीर्घकाळ वापरात होता. २००१ मध्ये तेथील खाणकाम बंद झाले. परंतु गाळाचे प्रचंड ढीग वस्तीलगत तसेच राहिले. त्यांत अल्पसे सोने शिल्लक आहे आणि त्यांची धूळ वाऱ्याबरोबर उडते. रूमानियातील बाया मारे येथे ३० जानेवारी २००० रोजी गाळाच्या तळ्याचा बांध फुटून सु. १ लाख घ. मी. सायनाइडयुक्त पाणी नद्यांत गेले. ते टीसॉ नदीतून डॅन्यूबपर्यंत पोहोचले व असंख्य मासे मेले. त्यामुळे सोन्याची प्राप्ती वाढविण्याइतकेच उरलेल्या सायनाइडाचे विघटन करणे व गाळ सुरक्षित साठविणे, ही या विधीची आवश्यक अंगे मानली जातात.