कोल्हापुरी चप्पल आणि सरकारबाहेरच्या ताकदी

राज्यशास्त्रात 'बिगर-राज्य घटक' असा एक शब्द येतो. इंग्रजीत नॉन-स्टेट ॲक्टर, उर्दू वर्तमानपत्रांत 'ग़ैर-रियासती अनासिर'. उर्दूत तो बहुतेक वेळा बंदूकधारी गटांसाठीच वापरतात, त्यामुळे आपल्या घरांत हा शब्द ऐकला की मुलांना फक्त दहशतवादी आठवतात. अर्थ मात्र पुष्कळ मोठा आहे. जे स्वतः सरकार नाही, तरी सीमा ओलांडून व्यवहारांवर आणि सरकारांच्या निर्णयांवर परिणाम करतं, ते सगळं यात येतं: बहुराष्ट्रीय कंपन्या, व्यापारी संघटना, मदतसंस्था, धार्मिक संस्था, प्रसारमाध्यमं, आणि सशस्त्र गटसुद्धा. संयुक्त राष्ट्रसंघ सरकारांनीच मिळून बनवलेला, म्हणून त्याला बरेच अभ्यासक वेगळं धरतात.

हा प्रकार आजचा नाही. १८१२ साली कोल्हापूरच्या छत्रपतींनी इंग्रजांशी तह केला आणि मालवण सोडलं. सही इंग्लंडच्या राजाशी नव्हती, ईस्ट इंडिया कंपनीशी होती. एका व्यापारी कंपनीनं राज्याशी तह करावा, हे आज मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही! उलट बाजूचं उदाहरणही आहे. १९१२ साली बाल्कन युद्धातल्या जखमी तुर्की सैनिकांसाठी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानी मुसलमानांचं वैद्यकीय पथक तुर्कस्तानला गेलं. देश पारतंत्र्यात, परराष्ट्र धोरण लंडनच्या हातात, तरी लोकांनी वर्गणी काढून ते केलं.

आता आपल्या गावचा मसला घेऊ. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानला प्राडा या कंपनीचा फॅशन शो झाला. त्यात मॉडेलांच्या पायात जे सँडल होते, ते बघून कोल्हापुरात कुणालाही विचारा, उत्तर एकच: ही तर आपली चप्पल. कंपनीनं मात्र कोल्हापूरचं किंवा भारताचं नाव कुठंच घेतलं नव्हतं. आधी आरडाओरडा झाला तो समाजमाध्यमांवर. मग महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी प्राडाला पत्र लिहिलं. कंपनीनं उत्तर दिलं आणि हे डिझाइन भारतीय पारंपरिक चपलेवरून घेतल्याचं मान्य केलं. जुलैत कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटूनही गेली. लक्षात घ्या, दिल्ली आणि रोम यांच्यात यावर काही मोठी बोलणी झाली नव्हती. एक खासगी कंपनी, एक व्यापारी संघटना आणि हजारो मोबाईलवाले, एवढ्यांनीच मामला पुढे नेला.

कायद्याचं काय झालं? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. निपाणी-अथणीचा कारागीरही त्यात आला. पण हे संरक्षण भारतापुरतं. भारताचा दाखला इटलीत आपोआप चालत नाही. युरोपीय संघाशी जीआयबद्दल वेगळ्या कराराची बोलणी २०२२ मध्ये सुरू झाली ती त्यासाठीच. इकडे काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. १६ जुलै २०२५ ला ती फेटाळली गेली. कारण, तुम्ही या मानांकनाचे नोंदणीकृत मालक नाही. मालक आहेत महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर, दोन्ही सरकारी महामंडळं.

म्हणजे सरकार पूर्णपणे बाजूला राहिलं असं म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं करार केला तो याच दोन महामंडळांशी. दोन हजार जोड भारतात बनणार, किंमत साधारण ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर, आणि कारागिरांना प्रशिक्षण, असं ठरलं.

आमचं मत विचाराल तर या सगळ्यात एक खुर्ची रिकामीच दिसते. कातडं कमावणारा, बाभळीची साल आणि हिरडा वापरणारा, वेणी घालणारा चर्मकार कारागीर. त्याच्या वतीनं चेंबर बोललं, महामंडळ बोललं, वकील बोलले. हुनर त्याचा, आणि ऐंशी हजारांतले त्याच्या हातात किती पडणार, हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला गेला. कच्च्या कातड्याच्या व्यवहारात आपले कुरेशी बांधवही आहेत. त्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. कंपनीला आंतरराष्ट्रीय ताकद मिळते ती पैशामुळे तर आहेच, पण ती संघटित असते म्हणूनही. एकेकटा कारागीर कुठल्याच पुस्तकात 'घटक' ठरत नाही.

जीआय कायद्यात मात्र एक वाट आहे, ती कमी लोकांना माहीत असते. कारागिराला स्वतःच्या नावानं 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करता येते. ती झाली की नक्कल करणाऱ्यावर दावा लावायचा हक्क त्याला स्वतःला मिळतो, महामंडळाची वाट बघत बसावं लागत नाही. अर्ज चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीकडे जातो. ओळखीत कुणी या धंद्यात असेल तर हे त्यांच्यापर्यंत जरूर पोचवा, आणि फॉर्म भरायला घरातल्या शिकलेल्या मुलांना सोबत पाठवा.