टोळांच्या सालचा पेंढा

दिवाळी सरली, भात झोडून झालं की पारनेर-संगमनेरकडचे धनगर माळशेज उतरून कल्याणपर्यंत येत. रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या. लेंडीमुताचं खत शेताला, मोबदल्यात भात धनगराला. आजीच्या सासूबाईंनी तिला सांगितलेली गोष्ट मात्र बांधावर काडी न उरलेल्या सालची.

ते साल 1903-04च्या टोळधाडीचं असावं. त्या टोळांवर मॅक्सवेल-लेफ्रॉय या कीटकशास्त्रज्ञानं 1906 साली सविस्तर लिहिलं. हा टोळ वाळवंटातला नव्हे. थंडी-उन्हाळा सह्याद्रीच्या रानात काढायचा, पावसाबरोबर पसरून गवतात अंडी घालायची, आणि श्रावण-भादव्यात पिल्लं हिरव्यावर तुटून पडायची. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांचे फिरते तळ, घाट उतरण्याआधीच माळ बोडके.

खाडीकडचं भात थोडंफार वाचलं होतं. आमच्या आगरी माणसांनी पेंढा काढून दिला. मेंढरं तशीच परत गेली तर पुढच्या पावसात शेताला खत कुठलं? पण पेंढा कसहीन, मेंढी त्याला सहसा तोंड लावत नाही. मग तो बारीक तोडून वर मिठाचं पाणी शिंपडलं. मीठ आगरातलं, घरचंच. त्यावर भाताचा कोंडा. वाड्यातल्या म्हातारीनं आधी गाभण आणि पाजत्या मेंढ्या वेगळ्या काढल्या. पहिल्या दिवशी प्रत्येकीला चिमटीनंच कोंडा घातला, मग हळूहळू मुठीपर्यंत नेला. सवय नसताना एकदम घातलं की पोट फुगून मेंढी आडवी होते, हे तिला पक्कं ठाऊक. पुरुष आकडीनं उंबर-पिंपळाचा पाला पाडत. त्या साली धनगरांनी भात मागितलं नाही. पेंढा हीच मजुरी.

मला या गोष्टीत दया दिसत नाही, त्याहून टिकाऊ काहीतरी दिसतं: कीड एकाच्या चाऱ्यावर पडली, झळ दोघांनी वाटून घेतली.

अजूनही कल्याणजवळ काटई-खोणीच्या बाजूला मोकळ्या प्लॉटवर मेंढ्या दिसतात. पण शेत बिल्डरकडे गेलं, लेंडी कुणाला नको, म्हणून पेंढाही कुणी देत नाही. गवत गेलं तर मक्याचा भरडा विकत घ्यायचा तो धनगरानंच.

शेतं गेली तरी देण्यासारखा चारा आपल्याकडे आहे. सोसायट्यांच्या आवारात उन्हाळ्यात विलायती शिरिषाच्या गोड, चिकट शेंगांचा सडा पडतो. मेंढ्या त्या आवडीनं खातात, त्यांत प्रथिनंही चांगली. आपण त्या झाडून घंटागाडीत टाकतो. गोणीत भरून ठेवाव्यात आणि वाडा दिसला की नेऊन द्याव्यात.