पेवांतील हवा

‘पेव फुटणें’ हा वाक्प्रचार मराठींत अजून रोज कानीं पडतो. शिकवण्यांचें पेव फुटलें, पतपेढ्यांचें पेव फुटलें, असें शहरांतील सुशिक्षित माणूस सहज बोलून जातो. परंतु ज्या वस्तूवरून हा शब्दप्रयोग निघाला ती त्यानें बहुधा पाहिलेली नसते. पेव म्हणजे धान्य साठविण्याकरितां जमिनींत खणलेली कोठी. तिच्या विपुलतेची आठवण भाषेनें राखली. तिच्या तोंडाशीं उभे राहून जुने लोक जी खबरदारी घेत, तिची आठवण मात्र राखली नाहीं. त्या खबरदारीचा इतिहास लहान असला तरी क्षुल्लक नाहीं. जमिनीखालच्या बंद जागेंत उतरून माणसें आजही मरत आहेत, आणि तीं बहुतेक एकाच रीतीनें मरतात.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सरहद्दीवर, मांजरा नदीच्या खोऱ्यांत, बिलोली तालुका आहे. पलीकडे तेलंगण लागतें. बाजारांत मराठीबरोबर तेलुगुही ऐकूं येते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. मराठवाड्याच्या इतर भागांप्रमाणें येथेंही ज्वारी हें माणसाचें मुख्य अन्न, आणि पाऊस बेभरंवशाचा. एका चांगल्या सालाचें धान्य पुढच्या वाईट सालाला पुरवावयाचें, हा त्या मुलखांतील संसाराचा हिशेब असे. कणगी आणि जाड भिंतींतलें बळद यांवर वर्षाची बेगमी भागे. त्यापुढची शिल्लक पेवांत जाई. शिवाय, धान्य उघड्यावर दिसलें कीं त्याला वाटेकरी फार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पेंढाऱ्यांच्या टोळ्या दख्खनभर फिरत. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सरकारी लेव्ही आली. जमिनीच्या पोटांतील धान्य या दोघांच्याही नजरेआड राहूं शके. पेंढारी आणि लेव्हीचा अंमलदार यांना एका वाक्यांत बसविणें अन्यायाचें वाटेल. ज्याचें पेव होतें त्याला तें तसें वाटलें असेलच असें नाहीं.

पेव कोठेंही खणून चालत नसे. काळ्या जमिनींत ओल टिकते आणि उन्हाळ्यांत तिला हात हात भेगा पडतात. म्हणून गांवच्या ‘पांढरी’ची, गढीखालची किंवा मुरमाची कोरडी जागा पाहत. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढें. आंत गेल्यावर मात्र रांजणासारखें पोट सुटलेलें. आंत काड पेटवून भिंती भाजून घेत, मग तळाला आणि कडेला काडाचा किंवा भुशाचा थर देत. धान्य भरलें कीं तोंडावर दगडी फरशी ठेवून सांधे मातीनें लिंपून टाकीत. भिंतीला लागलेली ज्वारी काळी पडे, तिला आंबूस वास येई; मधली मात्र वर्षानुवर्षें टिके. किड्याचा उपद्रवही होत नसे.

तो कां होत नसे, हें समजलें म्हणजे पेव माणसाला कां मारतें हेंही समजतें. दाणा निर्जीव नाहीं. तो मंदपणें कां होईना, श्वास घेतो. प्राणवायु ओढून घेतो आणि कर्बाम्ल वायु, म्हणजे हल्लीं ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात तो, सोडतो. ओलसर कडेला बुरशी तेंच काम अधिक वेगानें करते. तोंड लिंपलेलें असल्यामुळें नवी हवा येत नाहीं. थोड्याच काळांत आंतला प्राणवायु इतका उतरतो कीं सोंडे आणि इतर किडे गुदमरून मरतात. धान्याचें रक्षण औषधानें नव्हे, हवेच्या अभावानें होतें. आणि कर्बाम्ल वायु हा साध्या हवेच्या दीडपट जड असल्यामुळें, फरशी काढली तरी तो आपण होऊन वर येत नाहीं. धान्य उपसून रिकाम्या झालेल्या पोटांत पाण्यासारखा तळाशीं बसून राहतो. त्याला रंग नाहीं आणि ओळखूं येईल असा वासही नाहीं. बाहेरच्या हवेंत प्राणवायु शेंकडा एकवीस भाग असतो. तो दहांच्या खालीं गेला कीं माणूस ओरडण्यापूर्वींच खालीं पडतो. धाप लागून, घाबरून, दोर हलविण्याची सवड मिळेलच असें नाहीं.

हें रसायन जुन्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हतें. त्याचा परिणाम मात्र ठाऊक होता. म्हणून पेव उघडलें कीं त्यांत लगेच कोणी उतरत नसे. तोंड बराच वेळ मोकळें ठेवीत. मग दोरीनें दिवा खालीं सोडीत. दिवा विझला तर थांबावयाचें, जळत राहिला तर उतरावयाचें. ज्योतीला माणसापेक्षां अधिक प्राणवायु लागतो. शेंकडा सोळा-सतराच्या सुमारास ती मालवते, आणि त्या हवेंत माणसाला निदान मागें फिरतां येतें. ज्योत माणसाच्या आधीं मरते, एवढ्या एका गोष्टीवर कितीतरी जीव वांचले असतील. उतरणारा बहुधा धनी नसे, रोजावरचा गडी असे. तरीही दिवा आधीं आणि माणूस मागून, हा क्रम पाळला जाई. कसलाही कायदा नसतां पाळला जाई, हें विशेष.

ज्वारीचीं पेवें आतां गेलीं. पोतीं आलीं, वखारी आल्या, रेशन आलें, आणि शेतकऱ्याजवळ चार वर्षांची शिल्लक पडूनही राहीना. पेवाचा व्यवहार व्यापारी थाटानें टिकला तो बिलोलीपासून दूर, सांगलीजवळच्या हरिपुरास. तेथें कृष्णेच्या कांठच्या मातींत हळदीचीं पेवें होतीं, आणि सांगलीच्या हळदीच्या बाजारपेठेचा मोठा साठा कित्येक दशकें त्यांत राहत असे. पेव उघडल्यावर कांहीं तास वाट पाहून कंदील सोडण्याची रीत हरिपुरासही पाळीत. २००५ च्या महापुरांत यांतील पुष्कळ पेवांत पाणी शिरलें, आणि तो धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाहीं. नांदेड, हिंगोली, परभणी या जिल्ह्यांतही हळद होते, आणि बिलोलीच्या शेजारचें निजामाबाद ही हळदीची जुनी पेठ. पण आज हा माल गुदामांत आणि शीतगृहांत राहतो.

पेव गेलें, म्हणून खड्डा गेला असें मात्र झालें नाहीं. तो दुसऱ्या रूपानें घरोघर आला. शहरांत गटार आणि त्याचें मॅनहोल, गांवांत शौचकूप आणि त्याची टांकी, शेतावर गोबरगॅसची टांकी किंवा मळी सोडलेली जुनी विहीर. आणि या नव्या खड्ड्यांत जुना दिवा उपयोगाचा नाहीं. पेवांतील धोका मुख्यतः प्राणवायूच्या अभावाचा होता, आणि तो दिव्याला कळत असे. मैला कुजतो तेव्हां हायड्रोजन सल्फाइड नांवाचा विषारी वायु निघतो. हवेच्या हजार भागांत याचा एक भाग असला तरी एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. आणि तेवढ्यानें दिवा मुळींच विझत नाहीं, स्वच्छ जळत राहतो. सडक्या अंड्यासारखा याचा वास सर्वांच्या ओळखीचा आहे. परंतु प्रमाण दहा हजारांत एक भागाच्या आसपास गेलें कीं हा वायु नाकाची शक्तीच मारून टाकतो. वास येईनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असें वाटतें, तेव्हांच ती अधिक विषारी झालेली असते. याखेरीज अशा टांकींत मिथेन असतो. उघडी ज्योत खालीं सोडली तर तो भडकतो. एके काळीं प्राण वांचविणारी रीत दुसऱ्या खड्ड्यांत प्राण घेऊं शकते, ती अशी.

या वायूचा घातकपणा ज्या अपघातांतून दिसून आला, त्यांतील एक फार बोलका आहे. १८९५ च्या जुलैच्या १ तारखेस लंडनच्या पूर्वेस ईस्ट हॅम येथें मैलापाण्याच्या पंपघरांत एक कामगार खालीं उतरला आणि पडला. त्याला काढण्यास दुसरा उतरला, तो पडला. मग तिसरा, चौथा, पांचवा. पांचही मेले. श्वसनक्रियेचे पुढें जगप्रसिद्ध झालेले अभ्यासक जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं त्या जागेची चौकशी केली, आणि मृत्यूचें कारण हायड्रोजन सल्फाइड असल्याचा निष्कर्ष काढला. याच हॉल्डेननीं पुढें कोळशाच्या खाणींत लहान प्राणी नेण्याचा सल्ला दिला. त्यावरून विलायतेच्या खाणींत कॅनरी पक्ष्याचा पिंजरा गेला, आणि तो १९८६ पर्यंत तेथें राहिला. लंडनमध्यें पोस्टमन्स पार्क नांवाच्या बागेंत परोपकारार्थ प्राण देणाऱ्या सामान्य माणसांचीं स्मारकें आहेत. ईस्ट हॅमच्या अपघातांत सोबत्याला वांचविण्यासाठीं उतरलेल्या चौघांचीं नांवें तेथें एका फरशीवर आहेत. त्या चौघांच्या धैर्याविषयीं शंका नाहीं. पण त्या फरशीचा दुसरा अर्थ असा कीं त्या दिवशीं एकाला खड्ड्यानें मारलें, आणि चौघांना दयेनें.

दयेनें माणूस मरतो हें ऐकावयास कठोर वाटेल. मराठवाड्यांतील दाखला पाहिला म्हणजे तें पटतें. परभणी जिल्ह्यांत सोनपेठ तालुक्यांत २०२३ च्या मे महिन्यांत शौचकूपाची टांकी साफ करतांना पांच मजूर मेले. आधीं उतरलेल्याला काढण्यास मागचे उतरत गेले. पेवाच्या तोंडाशीं ज्यांचे आजे-पणजे दिवा विझल्यावर थांबले असतील, त्याच मुलखांतील हीं माणसें. त्यांना भित्रेपणा शिकविला नव्हता म्हणून तीं मेलीं असें म्हणणें सोपें आहे. परंतु रोजावर आलेल्या मजुराच्या हातीं ना वायु मोजण्याचें यंत्र होतें, ना यंत्रानें मैला उपसण्याची सोय, हें त्याआधीं सांगितलें पाहिजे. जें काम जातीनें ज्यांच्या माथीं मारलें, त्यांच्याच वांट्याला हें मरणही बहुधा आलें आहे.

कायदे आहेत, आणि जुने आहेत. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाचें ३६ वें कलम बंद जागेविषयींच होतें. जेथें घातक वायु असण्याचा संभव आहे अशा टांकींत, खड्ड्यांत किंवा नळांत, ती जागा निर्धोक असल्याचा जाणकाराचा लेखी दाखला नसेल, तर श्वसनयंत्र लावल्याखेरीज आणि कमरेच्या पट्ट्याला दोर बांधून त्याचें दुसरें टोंक बाहेरच्या माणसाच्या हातीं दिल्याखेरीज कोणास उतरूं देऊं नये, असें तें सांगे. पण तें कारखान्याला लागू होतें. शेतावरच्या टांकीला नव्हे. २०१३ च्या कायद्यानें गटारें आणि शौचकूपाच्या टांक्या यांची धोक्याची सफाई माणसाकडून करवून घेण्यास बंदी केली. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें १९९३ पासून अशा कामांत मेलेल्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये देण्याचा हुकूम केला. २०२३ च्या ऑक्टोबरांत गटारांतील मृत्यूंसाठीं ती रक्कम तीस लाखांवर नेली. मेलेल्याची किंमत अशी वाढत गेली. खालीं उतरण्यापूर्वीं हवा मोजणाऱ्या एका यंत्राची किंमत तिच्यापुढें कांहींच नाहीं.

२०२४ च्या गुढीपाडव्याच्या दिवशीं, ९ एप्रिलला, अहमदनगर जिल्ह्यांत नेवासा तालुक्यांतील वाकडी येथें एक मांजर जुन्या विहिरींत पडलें. विहीर वापरांतून गेलेली होती. तींत गोबरगॅसची मळी सोडीत. मांजराला काढावयास एक उतरला, त्याच्यामागून एकेक करून आणखी पांच. पांच मेले. सहाव्यानें उतरतांना कमरेला दोर बांधून घेतला होता. त्याला वर ओढून काढतां आलें. बाकीच्यांचीं प्रेतें पंप लावून मळी उपसावी लागली तेव्हां हातीं आलीं.